दारामागे मूठभर जागा

सोमवार, २ फेब्रुवारी

बारक्या,

तुमच्या नवऱ्याचा हात गेला आता बाई, असं तो साइटवरचा साहेब मला तोंडावर म्हणाला. माझ्या हातात फरशी पुसायचं ओलं फडकं होतं. ते त्याच्या तोंडावर कसं नाही बसलं, ते माझं मला माहीत. आशीर्वाद वगैरे शेवटी लिहीन, जागा उरली तर.

फोन करत नाहीये, कारण फोनवर तू "हो ताई, बघतो ताई" करतोस आणि ठेवतोस. कागदावर लिहिलं की ते तिथंच राहतं. तूही कागदावरच लिही. माझ्या अक्षराला हसू नकोस, चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही मी.

झालंय असं. या नव्या दवाखान्याची सगळी दारं तुझ्या भाऊजींनी बसवली, आणि ती कुठं बसवायची हे तू तिकडे तुझ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काढलंस. भेटेल त्याला सांगत होते, आमच्या बारक्यानं काढलंय, मी बसवतोय. मला इथं झाडलोटीचं काम मिळालं, तर मलाही रोज एकेक दार उघडून दाखवायचे. लोण्यासारखी फिरत होती दारं.

मग हँडलवाले आले. कोपरानं ओढायची मोठी वाकडी हँडलं, हात न लावता दार उघडावं म्हणून. ती लागली आणि तमाशा सुरू झाला. दार उघडलं की हँडल शेजारच्या भिंतीवर धाडकन आपटतं, टाइलचा कपचा उडतो आणि दार परत अंगावर येतं. पुरतं उघडतच नाही. शनिवारी रिकामं स्ट्रेचर आत घालून बघितलं, ते दारात अडकलं. पुढं जाईना, मागं येईना. रिकामं होतं म्हणून सगळे हसले. त्यावर श्वास लागलेला माणूस असता म्हणजे?

साहेब म्हणतो, चौकटी ड्रॉइंगप्रमाणे आहेत, टेप लावून बघितली. ड्रॉइंग मशीननं तपासलंय, ते चुकत नाही. मग उरली बिजागरी. ती जास्त खोल खाचली, म्हणून दार भिंतीकडे झुकलं. बिजागरी कुणी बसवली? आता एक कागद करणार आहेत म्हणे, चूक माझ्या हातची असं त्यावर भाऊजींनी सही करून द्यायचं. तशी सही दिली की त्यांना इथं कुणी खुर्चीचा पाय ठोकायलाही बोलावणार नाही.

आणि हे भांडत नाहीत, काही नाही. जेवताना उजवा हात उलटासुलटा करून बघत बसतात, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मला म्हणाले, खाचलं असेल गं खोल, कळलं नसेल मला.

तुझं ड्रॉइंग बरोबर आहे का, एवढं सांग. हो की नाही. गोष्ट सांगू नकोस.

आशीर्वाद. जागा उरली म्हणून.

ताई

*

शनिवार, ७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पत्र वाचून फार वाईट वाटलं. साहेबानं तसं बोलायला नको होतं.

तू हो की नाही विचारलं आहेस, पण थोडं समजावून सांगावंच लागेल. आम्ही आता एकेक दार काढत बसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एकच दार नीट तयार करायचं, त्याला नियम घालून द्यायचे, आणि तेच दार इमारतभर वापरायचं. नियम म्हणजे फॉर्म्युला. दार भिंतीपासून किती लांब हवं, हा आकडा मी हातानं लिहीतच नाही. तो दारच स्वतः काढतं. हँडल किती बाहेर येतं ते, अधिक बोटं चेमटू नयेत म्हणून ठेवायची जागा. या दोन्हींसाठी दोन रकाने आहेत. त्यांत मापं भरली की बेरीज मशीन करतं आणि चौकट तेवढी सरकून उभी राहते.

त्या दुसऱ्या रकान्याला मी काय नाव दिलंय माहीत आहे? "मूठ". तुझ्याकडे राहायला आलो तेव्हा भाऊजी कामावर न्यायचे मला. दार बसवलं की ते पूर्ण उघडून मागं मूठ घालून बघायचे. मावली तर दार पास. माझी मूठ लहान, म्हणून मला म्हणायचे, तुझी दोनदा घाल. ते माझ्या डोक्यात बसलंय. ऑफिसातले सगळे हसले या नावाला, पण आता तेही मूठच म्हणतात.

तेव्हा फॉर्म्युला चुकीचा नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. शिवाय छापायच्या आधी सॉफ्टवेअर सगळी दारं तपासतं. कुठं अडत असेल तर ते दार लाल दिसतं. आपलं एकही दार लाल नव्हतं.

ताई, राग मानू नकोस. भाऊजींचं वय झालं. इतकी वर्षं लाकडाच्या भुशात काढली आहेत. एकदा डोळे तपासून घ्यायला काय हरकत आहे? कधी कधी आपल्याला कळतही नाही आणि नजर फसवते. त्यात कमीपणा नाही.

कागदाचं फार मनावर घेऊ नका. असे कागद फाइलमध्ये जातात आणि तिथेच राहतात.

तुझा,
बारक्या

*

बुधवार, ११ फेब्रुवारी

बारक्या,

गोष्ट सांगू नकोस म्हटलं होतं, तू पुराण सांगितलंस. पण दोनदा वाचलं आणि कळलं. रकाना, बेरीज, लाल दार, सगळं कळलं. तुझी ताई अडाणी आहे, मठ्ठ नाही.

मुठीचं वाचून दाखवलं त्यांना. इतक्या दिवसांनी हसले. म्हणाले, बघ, कॉम्प्युटरात गेली माझी मूठ. पुढचं डोळ्यांचं मी गाळणार होते, पण कागद त्यांनी हातातून घेतला. शांतपणे वाचला. दुसऱ्या दिवशी स्वतःच शर्ट घालून तयार, चल म्हणाले डोळे दाखवायला. बारक्या सांगतोय म्हणजे काहीतरी असेल.

डोळ्यांच्या डॉक्टरनं अक्षरं वाचायला लावली, सगळी वाचली, अगदी खालची कंपनीच्या नावाचीसुद्धा. डॉक्टर म्हणाला, आजोबा, तुम्ही इथं कशाला आलात? जवळचा चष्मा आहे तोच पुरे. मला वाटलं हे खूश होतील. तर रस्त्यात म्हणाले, मग डोळे नाहीत, हातच गेला असणार. असं झालंय, बारक्या. तू डोळ्यांवर बोट ठेवलंस, त्यांनी ते उचलून हातावर ठेवलं.

आता माझं ऐक. मी रोज इथली प्रत्येक खोली पुसते. सगळी दारं सारखीच आपटतात, त्याच जागी, तेवढाच कपचा उडतो. हात थरथरला असता तर एक दार इकडे चुकलं असतं, एक तिकडे. सगळी एकसारखी चुकायला माणूस लागत नाही, साचा लागतो. आणि मागच्या कोपऱ्यातल्या कोठीचं दार आपटतच नाही. हँडल तेच, बिजागरी तीच, बसवणारा तोच. अख्खं मागं जातं, आणि वर मूठही मावते. मी घालून बघितली.

साहेबाला दाखवलं. तो म्हणाला, एक दार चुकून बरोबर बसलं असेल. ऐकलंस ना? यांना मात्र ते पटलं. म्हणाले, एखादं बसतं कधी कधी नशिबानं.

तेव्हा दोन गोष्टी सांग. कोठीच्या दारात वेगळं काय आहे? आणि तुझ्या त्या पहिल्या रकान्यात हँडलचं माप किती लिहिलंय? हँडलं कसली घ्यायची ते मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आत्ता मागच्या महिन्यात ठरवलं, मी तिथंच खिडकी पुसत होते. तू ड्रॉइंग दिलंस त्याला वर्ष झालं. तुला वर्षभर आधी कसं कळलं हँडल केवढं येणार ते?

लगेच लिही.

ताई

*

शुक्रवार, २० फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर नाही. फोन केला तर मीटिंगमध्ये आहे म्हणून कुणीतरी पोरगी बोलली. चांगली आहे मीटिंग. चालू दे.

काल परत स्ट्रेचर घालून बघत होते. हे म्हणाले, थांबा, मी मागं मूठ घालून बघतो, नेमकं किती कमी पडतंय कळेल. सवय ती. इतकी वर्षं दार उघडलं की हात मागं जाणारच. ज्यानं स्ट्रेचर धरलं होतं त्याला ऐकूच गेलं नाही, त्यानं लावला जोर. दार गेलं मागं. हँडल आणि भिंतीच्या मध्ये यांचा हात.

ओरडलेसुद्धा नाहीत. दार सुटलं तेव्हा हात तसाच मूठ करून धरलेला, उघडेचना. दोन बोटांची हाडं मोडली आहेत, उजव्या हाताची. प्लास्टर घातलंय मनगटाच्या वरपर्यंत.

साहेब आला होता बघायला. फळं नाही आणली, पण आवाज खाली होता. म्हणाला, कागद तयार आहे, पुढच्या शुक्रवारनंतरचा जो शुक्रवार, सहा तारीख, त्या दिवशी देऊन टाका म्हणजे इमारत सुरू करता येईल. मी म्हटलं, हात बघताय ना, सही कशानं करतील? तर म्हणाला, डाव्या हाताचा अंगठा चालेल.

ज्या माणसानं तुला पाटीवर पहिलं अक्षर गिरवून दिलं, त्याचा अंगठा.

मला आता तुझा फॉर्म्युला नको. मी विचारलं होतं त्याचं उत्तर पाठव.

ताई

*

मंगळवार, २४ फेब्रुवारी

ताई,

भाऊजींचा हात कसा आहे? बोटं पूर्ववत होतील असं डॉक्टर म्हणाले का? मला दोन दिवस काही सुचत नाहीये.

तू विचारलंस त्याचं उत्तर. कोठीची खोली तिरकी आहे. तिथं माझं दार नियमाप्रमाणे बसत नव्हतं, म्हणून ते एकच मी फॉर्म्युला काढून हातानं ठेवलं, नजरेनं जागा धरून, सढळ. बाकी सगळी फॉर्म्युल्यावर.

आणि हँडलच्या रकान्यात शून्य आहे.

तेव्हा हँडल ठरलंच नव्हतं. रकाना रिकामा ठेवला तर बेरीज होत नाही, सगळी दारं अडून बसतात आणि ड्रॉइंग पुढं सरकत नाही. काहीतरी भरावं लागतं. मी शून्य भरलं, हँडल ठरलं की बदलू म्हणून. मशीनला शून्य हा चांगला भला आकडा आहे, ते तक्रार करत नाही. हँडल शून्य अधिक मूठ, म्हणजे नुसती मूठ. तपासणीतही तेच दार, बिनहँडलचं. मग लाल कशाला होईल? बाकीच्या कामात मी विसरलो. लबाडी नव्हती ताई, शप्पत.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशीच मी मॉडेल उघडून बघितलं. शून्याच्या जागी तुमच्या त्या हँडलचं कॅटलॉगमधलं खरं माप टाकलं. पापणी लवायच्या आत सगळी दारं लाल झाली, एक कोठी सोडून. मी बघत बसलो. मग मागून कुणीतरी आलं, आणि मी परत शून्य केलं.

आता माझी बाजू ऐक. हेच दार मी ऑफिसच्या सगळ्या कामांसाठी बनवलं म्हणून मला एप्रिलपासून वरची जागा देणार आहेत. पाच जण माझ्या हाताखाली. हे आत्ता बाहेर आलं तर जागा जाऊ दे, मला ठेवतीलच की नाही सांगता येत नाही. मी एक वाट काढली आहे. भिंतीलगत बसणारी चपटी हँडलं सुचवून नवीन ड्रॉइंग पाठवतो, डॉक्टरांना ती जास्त सोयीची असं सांगून. दारं उघडतील, स्ट्रेचर जाईल, कुणाला काही कळणार नाही. दुसऱ्या कामांमधला आकडाही मी हळूहळू दुरुस्त करतो. फक्त तो शुक्रवारचा कागद जाऊ दे. भाऊजी असेही आता काम कमी करणारच होते. हात बरा व्हायला वेळ लागेल. त्यांच्या एका अंगठ्यानं त्यांचं फार बिघडणार नाही, माझं मात्र सगळं आयुष्य पुढं आहे.

त्यांना सांगू नकोस. तू मला आईच्या जागी आहेस म्हणून हे लिहितोय.

बारक्या

*

शनिवार, २८ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र याच पाकिटात परत घातलंय. बघ, आहे की नाही. मी ते साहेबाला दाखवलं नाही, यांनाही नाही. तुझं अक्षर दुसऱ्याच्या टेबलावर टाकून तुला खाली पाडणं माझ्यानं होणार नाही. पण ते माझ्या पेटीत ठेवणंही होणार नाही. तुझं तू सांभाळ.

आईच्या जागी आहे म्हणतोस ना, मग आईसारखंच बोलते.

विसरलास ते मी समजू शकते. माणूस विसरतो. हँडल यायचंय माहीत असून शून्य धरलंस, हाही तुझा वेंधळेपणा, लहानपणी बाहेर पडताना एकच चप्पल घालायचास तसला. त्याबद्दल एक धपाटा घातला असता आणि जेवायला वाढलं असतं. पण माझं पत्र आलं त्याच दिवशी तुला कळलं होतं. दारं लाल झालेली तू डोळ्यांनी पाहिलीस. आणि मग बसून, शांतपणे, पेन घेऊन लिहिलंस की भाऊजींचे डोळे तपासून घ्या. त्यात कमीपणा नाही, असंही लिहिलंस. ते कमीपणाचं वाक्य मला रोज आठवतं. ते तू विसरून नाही लिहिलंस.

तेव्हाच बोलला असतास तर त्या दारामागं हात गेला नसता. हे मी एकदाच लिहिते, परत काढणार नाही.

एप्रिलमध्ये पाच जण हाताखाली येणार म्हणतोस. येऊ देत की. त्यांना काय शिकवशील? रकान्यात शून्य घाला आणि ओरडा झाला तर सुताराच्या माथी मारा?

आता इकडचं सांगते. काल यांनी डाव्या हातानं रंधे, पटाश्या, सगळी हत्यारं पुसून तेल लावून जुन्या चादरीत गुंडाळली. गाठ मारता येईना, म्हणून मला बोलावलं. म्हटलं, कुठं चाललंय हे? तर म्हणाले, बारक्याकडे पाठवू. त्याला कामाची नाहीत, पण घरात असू देत, त्याच्या ऑफिसात कपाटावर ठेवील. मी गाठ मारली नाही. गाठोडं उघडंच पडलंय पलंगाखाली.

मग मी विचारलं, अहो, तुम्ही दुसऱ्याच्या कामावर आधी एक हँडल मागवून घेता, लावून बघता, मगच बाकीची दारं बसवता. इथं का नाही मागवलं? डाव्या हातानं चादरीचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, बारक्याचं ड्रॉइंग होतं ना. दुसऱ्या कुणाचं असतं तर मागवलं असतं. त्याच्या कामावर मी काय परत माप लावायचं?

मी उठून पाणी प्यायला गेले. तू असतास तर तूही गेला असतास.

तुझी चपटी हँडलं इकडे येऊ देत किंवा न येऊ देत, मला त्यातलं कळत नाही. दारं उघडली म्हणजे झालं, असं तुला वाटतं. पण हा माणूस उरलेलं आयुष्य आपला हात गेला असं समजून काढणार आहे. प्लास्टर निघेल तरी तो हात पटाशी उचलणार नाही, कारण त्याला वाटतं त्याच हातानं एवढी दारं बिघडवली. ते तू कुठल्या ड्रॉइंगमध्ये दुरुस्त करणार आहेस?

मी काय करणार ते ऐकून ठेव, मागाहून ताईनं फसवलं म्हणू नकोस. गुरुवारी पाच तारखेला संध्याकाळपर्यंत वाट बघणार. तोवर तू आधी तुझ्या ऑफिसात आणि मग इथल्या साहेबाला तुझ्या तोंडानं सांगायचं, शून्य माझं होतं. हळूहळू नाही, गुपचूप नाही. ऑफिसच्या कागदावर लिहून पाठव, म्हणजे तो साहेब परत मशीनचं नाव घेणार नाही. आणि यांना वेगळं लिही. यांना फॉर्म्युला सांगू नकोस, बिजागऱ्या बरोबर होत्या एवढं लिही.

गुरुवारपर्यंत काही आलं नाही तर साहेबाकडे मी जाणार नाही. यांच्यापुढे बसून सगळं सांगणार. शून्याचं, लाल दारांचं, आणि डोळ्यांचं पत्र तू कधी लिहिलंस तेही. आणि पुढं काय होईल ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. हे ऐकून घेतील, शुक्रवारी शर्ट घालून जातील आणि अंगठा देतील. आत्तापर्यंत आपली चूक झाली असेल म्हणून देणार होते. तेव्हा तुझी चूक आहे हे माहीत असून देतील. तुला सांगणारही नाहीत. तुझ्या घरी आले तर दारामागं मूठ घालून बघतील आणि छान बसवलंय म्हणतील. मग तू पाच जणांना हाताखाली घेऊन बस.

ते गाठोडं बांधून तुझ्याकडे पाठवायचं की हत्यारं परत यांच्या हातात द्यायची, हे तुझ्यावर आहे.

आशीर्वाद लिहिलेला नाही. गुरुवारी संध्याकाळी सहाला साहेब ऑफिस बंद करून घरी जातो. त्याच्या आधी उत्तर हवं.

ताई